[मंडळ-यादी] शनिवारचं राष्ट्रगीत: कोण सुरू करणार, कुठल्या पट्टीत?

प्रेषक: तात्या (क्रीडा समिती)

मंडळी,

शनिवारी आपल्या क्रिकेट सामन्याची साडेनऊला नाणेफेक, त्याआधी राष्ट्रगीत. गेल्या वर्षी 'जय हे'पाशी निम्मं मैदान गप्प झालं, तसं या वेळी होऊ द्यायचं नाही. तमिळ आणि बंगाली मंडळांचे संघ समोर उभे होते आणि मला मान वर करवेना.

म्हणून माझा निर्णय असा, की या वेळी कुणी गायचं नाही. वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग लावायचं, ५२ सेकंद सगळे सावधान, आणि मग नाणेफेक. अण्णांचे स्पीकर आहेतच. कुणाकडे चांगली फाइल असेल तर आजच पाठवा. संपल्यावर 'भारत माता की जय' तीनदा, ते मी देईन.

तात्या

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

तात्या,

गेल्या वर्षी सुरुवात मी केली होती, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं. पट्टी चढली, हे खरं आहे. माईक हातात आला आणि आधार सूर न घेताच मी सुरू केलं. चूक माझी होती. पण त्यावर 'कुणी गायचंच नाही' हा उपाय मला मान्य नाही.

चढतं कुठे ते सांगते. 'जन गण मन' सुरू होतं षड्जावरून ('सा'), दोन पावलांत गंधारावर ('ग') जातं आणि तिथेच रेंगाळतं. म्हणताना अगदी सोपं वाटतं, त्यामुळे सुरू करणारा नकळत वरचा सूर धरतो. पुढे 'विधाता'ला गाणं मंद्र निषादापर्यंत (खालच्या 'नी'पर्यंत) उतरतं आणि शेवटच्या 'जय हे, जय हे, जय हे'तल्या पहिल्या 'जय हे'ला थेट तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) जातं. म्हणजे सप्तकापेक्षा थोडा जास्तच आवाका लागतो. सुरुवात दोन सूर वर झाली तर 'पंजाब सिंध'पर्यंत कुणाला कळत नाही आणि 'जय हे'ला सगळ्यांचे गळे एकदम बसतात.

पांढरी एक (पेटीवरची C ही पट्टी) धरा. पुरुष खालच्या सप्तकात, बायका-मुलं वरच्या सप्तकात, दोघांनाही झेपतं. पेटीवर षड्ज दोन श्वास धरून ठेवायचा, सगळ्यांनी मनात घ्यायचा, मग सुरू करायचं. रेकॉर्डिंग लावलं की माणसं ऐकत उभी राहतात. मला ऐकणारं मैदान नको, गाणारं हवं आहे.

माई

---

प्रेषक: नाना (खजिनदार)
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

फाइलबद्दल लिहितो. कृपा करून कुणीही इंटरनेटवरून उतरवलेली फाइल न ऐकता पाठवू नका.

२०१२ साली कुवेतमध्ये नेमबाजीची स्पर्धा होती. कझाकस्तानच्या मुलीने सुवर्ण जिंकलं, ती व्यासपीठावर उभी राहिली आणि स्पीकरवर त्यांच्या राष्ट्रगीताऐवजी एका विनोदी चित्रपटातलं विडंबन वाजलं. ती शेवटपर्यंत तशीच उभी होती. गेल्याच वर्षीचं, २०२५ च्या फेब्रुवारीतलं घ्या. लाहोरला चॅम्पियन्स ट्रॉफीत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड मैदानात उभे, ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रगीत लागायचं, तर आपलं 'जन गण मन' सुरू झालं आणि क्षणात बंद करावं लागलं. एवढ्या मोठ्या स्पर्धांमध्ये हे घडतं, तर आपल्याकडे एका लॅपटॉपवर पाच जण हात घालतात.

अजून एक. दोन वर्षांपूर्वी वाजवलं होतं ते पहिली आणि शेवटची ओळ एवढंच होतं. ते संक्षिप्त रूप आहे, साधारण २० सेकंदांचं, आणि ते ठरावीक प्रसंगांसाठीच आहे. खेळाच्या मैदानावर पूर्णच हवं.

नाना

---

प्रेषक: वहिनी (ढोल-ताशा पथक)
विषय: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

तात्या, आमचं पथक सकाळी नऊलाच येतंय, कारण उद्घाटनाला तुम्हीच बोलावलं आहे. मग एक सुचवते.

गृह मंत्रालयाच्या आदेशात बँडसाठी नियम आहे: राष्ट्रगीताआधी ड्रमचा रोल, संथ संचलनाच्या ७ पावलांइतका. हळू सुरू होतो, जमेल तितका मोठा होतो, पुन्हा उतरतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. मग एक ठोका शांतता आणि राष्ट्रगीत. आमच्या दोन मुली ताशावर हे नेमकं वाजवू शकतात. काल रात्री बेसमेंटमध्ये करून पाहिलं. सातवा ठोका संपल्यावरची ती एका ठोक्याची शांतता अशी होती, की वर स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई हातातला झारा ठेवून उभ्या राहिल्या.

आणि फेट्यांचं काय? इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, रिवाजाप्रमाणे पुरुष टोपी काढतात. आमची मुलं-मुली फेट्यात असणार.

वहिनी

---

प्रेषक: तात्या (क्रीडा समिती)
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

वहिनी, ढोल-ताशा मिरवणुकीला. राष्ट्रगीतात ढोल नको, हे मी ठामपणे सांगतो. मैदानावरच्या कार्यक्रमाचा क्रम क्रीडा समिती ठरवते.

फेटा काढायचा नाही. फेटा म्हणजे टोपी नव्हे, तो मानाने बांधतात. क्रिकेटच्या टोप्या मात्र काढा. आपल्याकडे तसा दंडक नाही, पण कॅनडाचं राष्ट्रगीतही होणार आहे, आणि एकाला काढायची नि दुसऱ्याला ठेवायची हे बरं दिसत नाही.

छातीवर हात कुणी ठेवू नये. आपल्याकडे सावधान उभं राहतात, हात शरीरालगत. आणि जो खेळाडू ओठ हलवणार नाही त्याला अकरात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तात्या

---

प्रेषक: वहिनी (ढोल-ताशा पथक)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

राष्ट्रगीतात ढोल मी म्हटलंच नव्हतं. आधी फक्त ताशा, लोकांना सावधान होता यावं म्हणून. मागच्या वेळी 'जन गण' सुरू झालं तेव्हा निम्मे लोक चहाचे कप खाली ठेवायला जागा शोधत होते. पुन्हा एकदा माझा मेल वाचा.

वहिनी

---

प्रेषक: आक्का
विषय: ओठ हलवणं

तात्या, बाकी कशात पडत नाही, पण शेवटच्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं.

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळमधल्या तीन मुलांचा खटला आला होता. त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, पण रोज शाळेत आदराने उभी राहत. शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की आदराने उभं राहिलं आणि गायलं नाही, तर तो अपमान होत नाही, आणि मुलांना परत घ्यायला लावलं. वकिली शिकताना हा निकाल वाचला तेव्हा माझं मतही तुमच्यासारखंच होतं. तीन दिवस बाबांशी वाद घातला. शेवटी कळलं, की जबरदस्तीने हललेल्या ओठांचा त्या गाण्याला काहीच उपयोग नाही.

आपल्या संघात चार मुलं इथे जन्मलेली, इथली नागरिक. समोरच्या संघातही असतील. सगळ्यांनी उभं राहायचं, शांत राहायचं, इतकं मागा. गाणं त्यांना आवडेल असं करा, मग ती गातील.

घोषणेबद्दलही थोडं. शेवटचं 'जय हे' हवेत विरू द्या, दोन श्वास जाऊ द्या, मग 'भारत माता की जय' म्हणा. दर वर्षी शेवटचा सूर आपण ओरडून बुडवतो.

आक्का

---

प्रेषक: अण्णा (ध्वनी)
विषय: उत्तर: शनिवारचं राष्ट्रगीत

पट्टी ठरवा, ताशा ठरवा, पण गेल्या वर्षी गोंधळ फक्त पट्टीचा नव्हता. मी मिक्सरपाशी होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपले दोन्ही स्पीकर पॅव्हेलियनच्या टोकाला होते आणि निम्मे लोक समोरच्या सीमारेषेवर, म्हणजे जवळजवळ १४० मीटर लांब. त्यांना सूर पोचायला ०.४ सेकंद लागले. राष्ट्रगीताच्या लयीत ते साधारण एक अक्षर झालं. ते ऐकून त्यांनी गायलेलं आपल्याकडे परत यायला तेवढाच वेळ. इकडे 'गुजरात' म्हणत असताना तिकडून दोन अक्षरं मागचं ऐकू येतं, मग इकडचे थबकतात आणि तिकडचे आणखी मागे पडतात. शेवटच्या ओळीपर्यंत लय पार बसली होती. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ७१ सेकंद आहेत.

रेकॉर्डिंग लावलं तरी हेच होणार, कारण लोक त्याच्यासोबत गातातच, आणि रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही.

उपाय सोपा आहे. सगळ्यांनी एका बाजूला यायचं. दोन्ही संघ खेळपट्टीच्या अलीकडे रांगेत, प्रेक्षक त्यांच्या समोर, मधे तीसेक मीटर. स्पीकर प्रेक्षकांच्या पाठीमागे नकोत, गाणाऱ्यांच्या शेजारी ठेवतो. आठ-दहा पक्के गाणारे माईकपाशी हवेत. वहिनींनी सांगितलेल्या आदेशातही समूहगायनासाठी हेच आहे: पुरेसा मोठा गायकवृंद आणि सगळीकडे ऐकू जाईल अशी ध्वनियोजना.

अण्णा

---

प्रेषक: माईंची नात
विषय: उत्तर: ओठ हलवणं

नमस्कार. मी पहिल्यांदाच इथे लिहितेय. आजीने सांगितलं मराठीतच लिही.

मी त्या चार जणांपैकी एक. मला राष्ट्रगीत पूर्ण पाठ आहे, पण अर्थ कुणी कधी सांगितला नाही. छातीवर हात मी ठेवते, कारण टीव्हीवर अमेरिकन खेळाडूंना तसंच पाहिलंय. त्यात अनादर आहे असं मला माहीत नव्हतं. यापुढे नाही ठेवणार.

एक विनंती आहे. कॅनडाच्या राष्ट्रगीताचा कागद आपण वाटतो त्यात जुने शब्द आहेत. २०१८ मध्ये कायद्याने बदल झाला. आता 'इन ऑल दाय सन्स कमांड' नाही, 'इन ऑल ऑफ अस कमांड' असं आहे. मुली 'अस' म्हणतात आणि काका लोक 'सन्स' म्हणतात, ते दर वर्षी ऐकू येतं. कॅनडाचं आधी होऊ दे, कारण आपण इथे खेळतोय. आणि दोन्हींचे शब्द नीट होऊ देत.

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: ओठ हलवणं

पोरीने विचारलं ते बरोबर आहे. चूक माझी, घरात असून सांगितलं नाही.

आपल्याला अर्थ लावायला फार लांब जावं लागत नाही. रवींद्रनाथांनी बांगलात लिहिलं, १९११ च्या २७ डिसेंबरला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं. पण 'तव शुभ नामे जागे, तव शुभ आशिष मागे' हे मराठी माणसाला न सांगता कळतं. तुझ्या शुभ नावाने जागे होतात, तुझा शुभ आशीर्वाद मागतात. कोण? आधीच्या ओळींतले सगळे: पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग, विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा आणि उसळत्या लाटांचा समुद्र. म्हणजे डोंगर आणि नद्याही जाग्या होतात आणि तुझी जयगाथा गातात. हे कळलं की 'गाहे तव जय गाथा' नुसतं म्हणून टाकता येत नाही.

उच्चार मात्र सांभाळा. 'उच्छल जलधि तरंग' आहे. 'उज्ज्वल' नाही, 'उच्चल' नाही. आणि 'सिंध'चं 'सिंधू' करू नका.

एक सांगायचं राहून जाईल म्हणून लिहिते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नीरज चोप्राचा भाला गेला, तेव्हा इथे सकाळ होती. हे तेव्हा अर्धांगाच्या झटक्यानंतर चाकाच्या खुर्चीत. टोकियोत 'जन गण मन' सुरू झालं. यांना उभं राहता येईना. डावा हात हलत नव्हता, तो यांनी उजव्या हाताने उचलून मांडीवर सरळ ठेवला, बोटं एकेक करून लांब केली, मग उजवा हात तसाच ठेवला आणि मान ताठ केली. शब्द फुटत नव्हते. शनिवारी ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना कुणी उठवायला जाऊ नका.

माई

---

प्रेषक: नाना (खजिनदार)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ओठ हलवणं

माई, तुमचा मेल वाचून दोन तास काही लिहिता आलं नाही.

आमच्या लहानपणी खाशाबा जाधवांची गोष्ट घरोघरी सांगत. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मी वडिलांना विचारलं होतं, तेव्हा राष्ट्रगीत वाजलं का? ते म्हणाले, नाही, ते सुवर्ण जिंकणाऱ्याचंच वाजतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. एकट्या भारतीय खेळाडूसाठी ऑलिंपिकमध्ये ते वाजायला २००८ उजाडलं, बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं तेव्हा. मधे ५६ वर्षं गेली. त्याआधी ते मिळवून दिलं फक्त हॉकीने.

तात्या, त्या व्यासपीठावर रेकॉर्डिंगच वाजतं, मला माहीत आहे. पण तिथे खेळाडू गातो. फाइलचा विषय मी सोडतो.

नाना

---

प्रेषक: तात्या (क्रीडा समिती)
विषय: शनिवारचं राष्ट्रगीत: ठरलेलं

मंडळी,

रेकॉर्डिंग रद्द. ओठ हलवण्याबद्दल लिहिलं होतं ते मागे घेतो. आक्का, निकाल वाचला.

९:१५ ला सगळे पॅव्हेलियनच्या बाजूला. चहा त्याआधी किंवा नंतर. आधी कॅनडाचं, नवे शब्द, कागद माईंची नात तपासून देईल. मग ताशा, ७ ठोके, एक शांत. मग पेटीवर पांढरी एक. माई सुरू करतील, सोबत दहा जण. फेटे डोक्यावर, टोप्या हातात, हात खाली. शेवटी दोन श्वास थांबायचं, मग मी घोषणा देईन.

फक्त एक अडचण आहे. ताशा थांबल्यावर एक ठोका शांतता, आणि माई म्हणतात षड्ज दोन श्वास धरायचा. दोन्ही एकदम कसं जमणार?

तात्या

---

प्रेषक: वहिनी (ढोल-ताशा पथक)
विषय: उत्तर: ठरलेलं

पेटीचा षड्ज ताशाच्या खालीच सुरू ठेवायचा. ताशा उतरत गेला की सूर आपोआप वर ऐकू येईल, आणि त्या एका ठोक्यात फक्त सूर उरेल. शुक्रवारी सातला माझ्याकडे या, करून बघू. अण्णा, तुम्हीही.

---

प्रेषक: अण्णा (ध्वनी)
विषय: उत्तर: उत्तर: ठरलेलं

येतो. पेटीला वेगळा माईक लागेल, माझ्याकडे एकच स्टँड आहे. दुसरा कुणाकडे आहे? आणि पेटी कोण आणतंय ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

---

प्रेषक: माईंची नात
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ठरलेलं

पेटी मी आणते. आजीची आहे, पांढरी एकचा सूर चांगला लागतो, कालच पाहिला.