मतमोजणीची रीतही पाहावी

समीक्षकांचे वार्षिक पुरस्कार म्हणजे ऑस्करची रंगीत तालीम, हे मत मला सरसकट पटत नाही. अमेरिकेतील ‘नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स’ या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत प्रत्येक सदस्य पसंतीच्या तिघांना ३, २ आणि १ असे गुण देतो, आणि सर्वाधिक गुण मिळूनही ते नाव निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर नसेल, तर पुन्हा मतदान घेतले जाते. मूठभरांच्या हट्टाला त्यामुळे चाप बसतो. शिवाय पहिल्या तिघांचे गुण जाहीर होत असल्याने झाकली मूठही राहत नाही (आपल्याकडच्या किती पुरस्कारांबद्दल असे म्हणता येईल?).

या संस्थेने २०२४ च्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनासाठी पायल कपाडिया यांना निवडले. त्यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला नव्हता आणि त्याला तिथे एकही नामांकन मिळाले नाही. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डरने हुसकावलेली, रुग्णालयात स्वयंपाक करणारी छाया कदम यांची पार्वती त्यात कोकणातल्या गावी परतते. ऑस्करचा अंदाज बांधत मत देणाऱ्यांनी या चित्रपटाकडे वळूनही पाहिले नसते.