हसत राहणं पटलं नाही

"गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी हसत राहायचं," असा सल्ला दुकानात काम करणाऱ्यांना कुणीतरी दिलाय. अहो, समोरचा तापलेला असताना हसलं तर त्याला वाटतं आपली टिंगल चाललीय! ठाण्यात राम मारुती रोडवर कपड्यांच्या दुकानात ४ वर्षं काउंटरला होते, म्हणून सांगते.

दिवाळीनंतर एका बाईंनी कुर्ता काउंटरवर आपटला. "ए, पैसे परत दे." टॅग पुन्हा स्टेपल केलेला, काखेत अत्तराचा वास, बाहीवर हळदीचं बोट. मी काही न बोलता बाही त्यांच्यासमोर पसरली आणि हळू आवाजात बिल मागितलं. आपण आवाज खाली आणला की ऐकायला तरी समोरच्याला थांबावं लागतं. सोबतची मुलगीच म्हणाली, "आई, चल ना."

पण माल खरंच सदोष असेल तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीच्या जोरावर भांडू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलावर मुदत दिलेली नसेल, तर ३० दिवसांत असा माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. रंग नंतर आवडेनासा झाला, तर गोष्ट वेगळी.

आणि हो, "ए" म्हणणाऱ्यांना मी शेवटपर्यंत "अहो ताई"च म्हणायचे. काहीजणी ओशाळायच्या, बऱ्याचजणी नाही.