मुंब्रा-बेलापूरच्या कातळावर बोल्ट मारावेत का?

कळवेकर
परवाच्या रविवारी मुंब्र्याच्या डोंगरावर गेलो होतो. वरच्या झाडाला दोर लावून टॉप रोप (चढणाऱ्याला वरून सांभाळणारा दोर) सोडायचा, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. झाडापाशी पोचलो तर खोडाला बोटभर खोल खाच. साल गेलेली, आतलं पांढरं लाकूड उघडं. शेजारी कुणीतरी कधीकाळी फटीत ठोकलेला पिटॉन, म्हणजे लोखंडी खुंटी. नखाने खरवडला तर खारीसारखे पापुद्रे सुटले. आणि एक पोरगा त्याच पिटॉनात कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) अडकवायला निघाला होता! हात धरून थांबवला त्याला.

माझं म्हणणं एवढंच: कड्याच्या माथ्यावर दगडात भोक पाडून कायमचे बसवलेले दोन चांगले स्टेनलेसचे बोल्ट, आणि दोर लावायला साखळी आणि रिंग. मधल्या वाटेवर काही नको, बोल्डरवर (दोराशिवाय चढायच्या सुट्या धोंड्यांवर) तर मुळीच नको. बदामीला बोल्ट आहेत म्हणून आपण रात्रभर प्रवास करून तिकडे जातो, आणि लोकलमधून दिसणाऱ्या कड्यावर मात्र एका झाडाच्या जिवावर चढतो.

जुना_दोर
विरोध. ठोकाठोकी मला नवी नाही, सुळक्यांवर आम्हीही बोल्ट मारलेत. पण तेव्हा हातोडा आणि पंच असायचा. एका भोकाला अर्धा अर्धा तास, दंडाचे तुकडे पडायचे. त्यामुळे इथे खरंच हवा का, हे दहादा विचारलं जायचं. आता बॅटरीचं ड्रिल, दोन मिनिटांत भोक. विचार करायला वेळ कुठे उरतो?

दुसरं, माथ्यावर चकचकीत रिंग दिसली की महिन्याभरात रॅपलिंगच्या (दोरावरून खाली उतरायच्या) सहली सुरू होतात. शंभर माणसं, एक दोर, एक स्पीकर. आमच्या एका आवडत्या कड्याचं हेच झालं. आता तिथे चढाईला जातच नाही.

बोरिवली_लोकल
+१ कळवेकर. कान्हेरीलाही मारा.

जुना_दोर
कान्हेरीचं नावही काढू नका. राष्ट्रीय उद्यान आणि वर पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. ड्रिल घेऊन गेलात तर गेटावरच बसवून ठेवतील, आणि बरोबरच करतील. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे छिन्नी चालली तेवढी पुरे.

दगडू_मास्तर
भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून बोलतो. बदामीचा वालुकाश्म वेगळा, आपला बेसाल्ट वेगळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. एक थर टणक, त्याला लागून दुसरा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, मध्येच कुठे तांबड्या मातकट थराची पट्टी. हातभर अंतरावर दगडाची जात बदलते. हातोडीने ठोकून ऐका. खणखणीत वाजला तर पुढचं बोला. भद्द वाजला तर तो पापुद्रा आहे. त्यात एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा) आवळला की तोच पापुद्रा सुटणार.

आणि हवा. पायथ्याशी ठाण्याची खाडी, वर चार महिने पाऊस. थायलंडला रायलेच्या समुद्रकाठच्या चुनखडीत स्टेनलेसचे बोल्ट वरून ठीक दिसत असताना आतून तडकले. शेवटी टायटॅनियमचे, रसायनाने चिकटवलेले बोल्ट बसवावे लागले. आपल्याकडे तेवढं होईलच असं नाही, पण '३०४ नंबरचं स्टेनलेस स्वस्त पडतं' म्हणणाऱ्याला बिले द्यायला (तो चढताना त्याचा दोर सांभाळायला) मी उभा राहणार नाही. निदान कमी गंजणारं ३१६ तरी घ्या.

क्रॅशपॅडवाली
तुमच्या बोल्टशी माझं देणंघेणं नाही. शूज, हाताला लावायच्या चॉकची पिशवी आणि पडलो तर खाली असावं म्हणून पॅड, एवढ्यावर आमचं चालतं. (पॅड पाठीवर असलं की डब्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, गादी केवढ्याला घेतली?") पण बोल्डरवाल्यांची पापंही लिहा की. बेलापूरला माझ्या आवडत्या बोल्डरवर कुणीतरी छिन्नीने होल्ड (हातापायाची पकड) कोरून ठेवलाय. अडीच वर्षं ती मूव्ह जमत नव्हती मला. आता कुणालाही जमते. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, तिथे प्लायवूडच्या भिंतीवर रोज होल्ड बदलत होते. ते तिथे शोभतं. दगडावर नाही जमलं तर नाही जमलं, घरी जाऊन पुलअप्स मारा.

कळवेकर
छिन्नीवाल्याला माझाही विरोधच आहे. पण सगळे बोल्टवर तुटून पडलात, झाडाचं काय ते कुणी सांगेल का?

जुना_दोर
सांगतो. ती खाच झाडाला बांधल्याने पडत नाही, झाडावरून दोर *पळवल्याने* पडते. थेट खोडाभोवती दोर टाकून बिले द्यायचा आळशीपणा. खोडाला आधी गोणपाट गुंडाळा, कांदेवाल्याकडे फुकट मिळतं. त्यावर रुंद वेबिंग (सपाट विणलेला पट्टा), आणि वेबिंग एवढं लांब घ्या की कॅराबिनर कड्याच्या धारेखाली लोंबेल. दोर फक्त कॅराबिनरमधून पळेल. धारेवर वेबिंगखाली जुन्या सतरंजीचा तुकडा. शक्य असेल तर मागच्या दगडाला दुसरा अँकर, म्हणजे दोराचा आधार. पंधरा मिनिटांचं काम आहे.

कळवेकर
बरं, हे मान्य. आमच्याकडून चूकच झाली म्हणायची. पण उजवीकडच्या कड्यावर झाडच नाही, आणि मागचा धोंडा हलतो. तिथे?

जुना_दोर
तिथे चढू नका.

क्रॅशपॅडवाली
काका, असं म्हणून कुणी थांबलंय का आजवर? तो पोरगा गंजका पिटॉन वापरायला निघालाच होता ना.

दगडू_मास्तर
आणि बोल्ट मारलेच तर दर पावसाळ्यानंतर तपासणार कोण, हेही ठरवा. मारणाऱ्याची दोन वर्षांत बदली होते, बोल्ट तिथेच राहतो. उद्या तो सुटला तर दोष कुणाचा?

जुना_दोर
हाच तर प्रश्न आहे. तपासायची वही ठेवणारा कुणी दाखवा, मग त्या एका कड्यापुरता मी विचार करीन. तो गंजका पिटॉन मात्र आधी काढा.

कळवेकर
येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुंब्रा स्टेशन, तिकीट खिडकीपाशी. पिटॉन काढू आणि उजवा कडा ठोकून बघू. मास्तर, तुम्हीही या.

जुना_दोर
येतो. हातोडी मी आणतो, ड्रिल घरी ठेवा.