डीजेला 'कर्कश' म्हणायचं का?

बांधावरचा: पोळ्याला डीजे नको, असा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आहे. मसुद्यात कुणीतरी 'डीजेचा कर्कश आवाज' लिहिलंय. मला खटकतं. संस्कृतात कर्कश म्हणजे कठीण, खरखरीत. म्हणजे कान खरवडणारा आवाज: वंगण नसलेल्या बंडीचं चाक, पाटीवर घासलेली पेन्सिल. छातीत धडधडतो तो दणका. बारीक नि उंच असेल तर किनरा. मोठा पण बेसूर, तर भसाडा. इतके शब्द असताना सगळ्यांना एकच दावं कशाला?

पऱ्हाटी: काय बाप्पा, अर्ज देता का व्याकरण शिकवता? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागाले दिवसा 55 अन् रात्री 45 डेसिबल हाये. आकडा लिहा. विशेषणानं कोणाचा डीजे बंद झाला?

मास्तर: डेसिबल फक्त जोर सांगतो. आपला कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो, म्हणून तेवढ्याच जोराची शिट्टी ढोलापेक्षा जास्त बोचते. देवळावरचा भोंगा नेमका तिथंच ओरडतो, त्याला खर्ज जवळपास नसतोच. डीजेत खाली दणका असतो आणि वर चिरकणारे कर्णेही असतात. तेव्हा मसुदा बरोबर आहे, बांधावरचे.

सासुरवाशीण: डीजेचं ठेवा बाजूला. सासरे या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारतात, ती 'खणखणीत'. मी मारली की 'कर्कश'. भांडकुदळ बाईला 'कर्कशा' म्हणतात, कोशातसुद्धा आहे. भांडकुदळ बाप्यासाठी असा शब्द दाखवा.

पऱ्हाटी: बाईचा आवाज बारीक असते म्हून म्हणतात. त्यात कायचा अपमान?

सासुरवाशीण: बारीक असेल तर किनरा म्हणा ना. वर बांधावरच्यांनी तेच सांगितलं. कर्कशा आवाजावरून नाही म्हणत, उलट उत्तर दिल्यावर म्हणतात.

बांधावरचा: हे पटलं. मास्तरांचं अर्धंच. वरचे कर्णे बंद केले तरी भिंती हादरतातच की. अर्जात 'कर्कश व दणदणाटी' असं दोन्ही टाकतो, आकड्यासकट.

पऱ्हाटी: टाका. पण सनईले हात लावू नका. थे किनरी असो का कर्कश, तिच्याबिगर बैल तोरणाखालून काढत नाई आमी.