जुन्या पुलावरचा जीटीएस बेंचमार्क: अक्षरं वाचता येत नाहीत, स्टाफ उभा राहत नाही. पडताळणी कशी करावी?

प्रश्न: नदीकाठ

सातारा जिल्ह्यात एका छोट्या बंधाऱ्याच्या कामासाठी आरएल (ठरलेल्या शून्य पातळीपासूनची उंची) आणायचा आहे. जवळ सर्व्हे ऑफ इंडियाचे दोन जुने जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेल्या कोरीव खुणा, आहेत. पहिला दगडी पुलाच्या विंग वॉलवर (टोकाच्या बाजूच्या भिंतीवर), रस्त्याच्या पातळीपासून साधारण ३ मीटर खाली. त्यावर चुन्याचे थर आहेत आणि वर दगडाचा पुढे आलेला थर असल्याने ४ मीटरचा स्टाफ (उंची वाचायची आखीव पट्टी) सरळ धरता येत नाही. दुसरा ६ किमीवर, रेल्वे स्टेशनच्या जोत्यावर. त्याची अर्धी अक्षरं नव्या फरशीखाली गेली आहेत.

ऑटो लेव्हलने (आडवी रेषा देणाऱ्या दुर्बिणीने) जाऊन-येऊन लेव्हलिंग केलं, दोन्ही फेऱ्यांत ९ मिमीचा फरक. पुलावर मात्र स्टाफ तिरका धरून अंदाजाने वाचन घ्यावं लागलं. सर्व्हेने प्रसिद्ध केलेल्या उंचींतल्या फरकाशी ताडलं तर स्टेशनचा बिंदू ४१ मिमी वर येतो. कोणता बेंचमार्क धरावा? पुलाच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक आरएल लिहिलेला आहे, तो वापरता येईल का?

उत्तर १: तिपाई

कठड्यावरचा आकडा वापरू नका. तो कोणत्या कामासाठी, कोणत्या डेटमवरून (शून्य धरलेल्या पातळीवरून) आणि दगडाच्या नेमक्या कोणत्या कडेला दिला, यातलं काहीच त्यावर लिहिलेलं नसतं. जीटीएसच्या दगडावर सहसा अक्षरं आणि चौकोन कोरलेला असतो, उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या लेव्हलिंगच्या पुस्तिकेत असते. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंचीही बेंचमार्कची नव्हे.

लेव्हलिंगच्या चुकीची मर्यादा नेमक्या कामाला १२√K मिमी आणि साध्या कामाला २४√K मिमी धरतात, K म्हणजे अंतर, किलोमीटरमध्ये. ६ किमीला ती २९ आणि ५९ मिमी होते. म्हणजे तुमचे ४१ मिमी साध्या मर्यादेत बसतात, पण तेवढ्यावर पुढे जाऊ नका. जाऊन-येऊन ९ मिमीच फरक आहे, म्हणजे मधलं लेव्हलिंग चांगलं झालं आहे. चूक दोन टोकांपैकी कुठेतरी आहे.

उत्तर २: काळा पाषाण

माझा संशय आधी स्टेशनवर आहे. कोटा फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ४० मिमी जाडी सहज होते आणि तुमचा बिंदू नेमका तेवढाच वर येतोय. स्टाफ कोरलेल्या चौकोनात होता की फरशीवर, हे आधी तपासा. चौकोन फरशीखाली असेल तर तो बिंदू सध्या हातात नाही असंच समजा. जाडी वजा करून आरएल काढू नका, कारण फरशी बसवताना खालचा दगड तासला की नाही हे वरून कळत नाही.

आता पुलाकडे. मोजण्याआधी ओळख पटवा. पुस्तिकेतलं वर्णन (कोणत्या बाजूची भिंत, वरून कितवा थर, टोकापासून किती अंतर) जागेवर टेपने ताडून बघा. मैलाच्या दगडापासून दिलेल्या अंतरावर फार विसंबू नका, रस्ता रुंद करताना ते दगड हलवले जातात. जुन्या टोपोशीटवरचे (सर्व्हेच्या नकाशावरचे) अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती रूपावर) असतात, ते रूपांतर न करता मोबाइलच्या जीपीएसमध्ये टाकले तर जागा बरीच सरकते.

चुना काढायला ओलं पोतं अर्धा तास लावून ठेवा, मग बांबूची चिपाटी आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश, छिन्नी आणि ॲसिड नको. पातळ ॲसिडने बेसाल्टला विशेष काही होत नाही, पण सांध्यातला चुना खाल्ला जातो. पूल ज्या विभागाचा आहे त्यांना आधी सांगा. ऑइल पेंट असेल तर तो खरवडत बसू नका.

झिजलेली अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, १०-१५ अंशांच्या कोनात, डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून धरा आणि मोबाइल न हलवता चार फोटो घ्या. प्रत्येक अक्षराची उभी रेघ एका फोटोत उठते, आडवी दुसऱ्यात. बटर पेपर लावून मेणखडूने ठसाही घ्या. आडव्या दगडावर कोरडी रांगोळी चोळून वरून कापडाने पुसली की खाचांत पांढरं राहतं. मात्र आपल्याकडचा बेसाल्ट अनेक ठिकाणी सच्छिद्र असतो, ती छिद्रंही भरतात आणि नसलेली अक्षरं दिसू लागतात. म्हणून रांगोळीवर एकट्यावर निर्णय नको.

आणि तिसरा बेंचमार्क शोधाच. दोनांत फरक आला तर कोणता हलला हे कळायला मार्ग नसतो. निवडताना खडकात कोरलेला किंवा जुन्या भक्कम पायावरचा घ्या. काळ्या मातीत रोवलेल्या दगडावरचा शक्यतो टाळा, ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दगडही तिच्याबरोबर वरखाली होतो. तुम्ही कोयनेच्या बाजूला असाल तर उंची ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधीची आहे की नंतरची, हेही बघा.

नदीकाठ

स्टेशनवर स्टाफ फरशीवरच होता. चौकोनाचा एक कोपराच दिसतो. तो बिंदू सोडतो. पुलावरच्या बिंदूचं वाचन मात्र नीट कसं घ्यायचं?

उत्तर ३: समपातळी

तीन पर्याय आहेत.

पाणी कमी असेल तर लेव्हल खाली नदीच्या काठावर लावा. मग चार मीटरचा स्टाफ लागतच नाही, १ मीटरची स्टीलची पट्टी पुरते. खूण उभ्या पृष्ठभागावरची आडवी खाच असेल तर खाचेत पातळ लोखंडी अँगलची कड बसवून त्यावर पट्टी उभी करा. खूण दुर्बिणीच्या रेषेच्या वर असेल तर पट्टी उलटी धरा, शून्य खुणेला, आणि वाचन वहीत उणे लिहा.

काठावर जागा नसेल तर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र). प्रिझम (किरण परत पाठवणारी काच) धरता येत नसेल तर बिनप्रिझम मोडमध्ये कोन नेमका खाचेवर घ्या आणि अंतर तिच्या शेजारच्या सपाट दगडावरून. उभा कोन २ अंशांचा असेल तर अंतरातल्या १ सेमी चुकीने उंचीत ०.३५ मिमीच फरक पडतो, २० अंशांना तोच ३.४ मिमी होतो. म्हणून यंत्र शक्यतो खुणेच्या पातळीला आणा. कोन ५ सेकंदांपर्यंत अचूक मोजणाऱ्या यंत्राने ३०० मीटरवरून ७ मिमी सहज जातात, त्यामुळे ५० मीटरच्या आत राहा. दोन्ही फेसवर, म्हणजे दुर्बीण उलटवूनही, वाचनं घ्या.

तिसरा पर्याय वरून स्टीलचा टेप सोडण्याचा. टेपच्या टोकाचा हुक थोडा मागेपुढे सरकतो, म्हणून खुणेवर शून्याऐवजी १०० मिमीची रेघ धरा आणि नंतर ते वजा करा. लेव्हल रस्त्यावर लावून टेप थेट दुर्बिणीतून वाचा. खालचा माणूस रेघ खुणेला जुळवतो त्याच क्षणी वाचन व्हायला हवं, म्हणून पाच वाचनं घेऊन सरासरी काढा. ३ मीटरला तापमानाचा फरक अर्ध्या मिमीच्या आसपास, तो सोडून दिला तरी चालेल.

वापरलेली उंची १९०९ च्या जुन्या डेटमवरची की २००९ च्या नव्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लेव्हलिंगच्या त्या पहिल्या, १९०९ च्या जाळ्यात मुंबईचं अपोलो बंदर, कारवारसह नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली होती. एकाच कामात दोन्हींच्या किमती मिसळल्या तर तिसरा बेंचमार्क सापडूनही ताळा जमणार नाही.

नदीकाठ

काठावर अजून पाणी आहे, टेपच सोडावा लागेल. पुलावर वारा फार असतो.

समपातळी

टेपच्या खाली वजन लावा आणि ते पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा, डोलणं थांबतं. वजन बादलीच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर टेप सैल पडतो.