तेलाखालचा खिळा गंजला, उघडा तसाच चकचकीत! चुकलं कुठे?

इंदूरची आई: लेक दहावीत आहे, शाळेत गंजण्याचा प्रयोग नुसता फळ्यावर काढून दाखवला म्हणून आम्ही घरी केला. पहिल्या टेस्ट ट्यूबमध्ये नळाचं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत हवेतली ओल शोषणारी कॅल्शियम क्लोराइडची पावडर. पाच दिवसांनी पहिलीतला खिळा जसाच्या तसा, दुसरीतल्यावर तांबूस डाग आणि तिसरीतल्या पावडरचं चक्क पाणी झालंय!! पोर रडवेली झालीय, म्हणते पुस्तकातलंच उत्तर (फक्त पहिलीतला खिळा गंजतो) वहीत लिहून टाकते, ते मला अजिबात पटत नाहीये.

हार्डवेअरवाला: ताई, खिळे एकाच पुडीतले होते का?

इंदूरची आई: नाही, दोन नवीन पुडीतले, दुसऱ्या ट्यूबमधला घरातल्या जुन्या डब्यातला.

हार्डवेअरवाला: मग नवीन दोघांवर जस्ताचा मुलामा असणार, ते पाच दिवसांत काय गंजतायत. सियागंज बाजारात कुठेही साधे लोखंडी खिळे मागा, मुलाम्याचे नकोत म्हणून सांगा, घरी आणून पॉलिश पेपरने घासा आणि साबणाने धुवा कारण त्यांना कारखान्यातलं तेल लागलेलं असतं.

निवृत्त केमिस्ट्री सर: पाणी उकळून किती वेळ ठेवलं होतं?

इंदूरची आई: रात्रभर, पातेल्यात झाकून.

निवृत्त केमिस्ट्री सर: तिथेच झालं. उकळल्यावर विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो पण पाणी गार होताना हवेतून तो परत शोषून घेतं, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, तेवढा खिळ्याला डाग पडायला पुरतो. दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच खिळ्यावर ओता (काच उष्णता सोसणारी हवी आणि ओतायचं तुम्हीच, मुलीला देऊ नका), लगेच वर तेल. तेलातूनही ऑक्सिजन हळूहळू झिरपतोच, त्यामुळे महिनाभर ठेवून निकाल बघू नका. कॅल्शियम क्लोराइड पावसाळी हवेतली ओल इतकी ओढतं की स्वतःच विरघळतं, आणि मग त्या खारट पाण्यात खिळा उलट जोरात गंजतो. ताजी पावडर, घट्ट रबरी बूच. आणि पहिला निकाल खोडू नका हं, मुलीला म्हणावं जस्ताच्या मुलाम्याचा खिळा का टिकला तेही लिही, गॅल्वनायझिंग म्हणजे असा मुलामा देणं तिला तिथेच समजेल.

माळवेकर: जमलं तर तिला धारला घेऊन जा, इथून दोन तासही लागत नाहीत. लाट मशिदीपाशी जुन्या लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेत, शेकडो पावसाळे उघड्यावर काढूनही लोखंड शाबूत. कोळशाच्या जुन्या भट्ट्यांमधल्या लोखंडात फॉस्फरस राहून जायचा, त्याने वर घट्ट थर धरतो, दिल्लीच्या स्तंभाचंही तेच. मी लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो, त्या लोखंडाला हात लावल्याचं अजून आठवतं.

इंदूरची आई: शनिवारी नव्याने लावला, आज मंगळवार. पहिलीत तळाशी तांबडा गाळ, बाकी दोन्ही खिळे स्वच्छ! वहीत दोन्ही वेळचे निकाल लिहिलेत, कारणांसकट. सर, खूप खूप आभार. रविवारी धारला निघतोय.