स्वस्तातल्या ऑनलाइन बाजारातून घेतलेली वाढदिवसाची भेट : तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात लेकीचा सहावा वाढदिवस झाला. तिला बरेच दिवस खेळण्यातलं स्वयंपाकघर हवं होतं. ओटा, नळ, दोन शेगड्या, वर भांड्यांची मांडणी. तुळशीबागेत एक पाहिलं, ते अडीच हजारांच्या घरात होतं. त्याच रात्री फोनवर अगदी तसंच दिसलं, 349 रुपयांना. फोटोत तिच्याच वयाची मुलगी ओट्यासमोर उभी राहून पोळी लाटत होती. खाली लाल अक्षरांत 'फक्त 2 शिल्लक' आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ. मी घेऊन टाकलं.

आलं ते वीतभर होतं. वर्णनात अगदी तळाशी 'उंची 18 सेमी' असं लिहिलेलं मला नंतर सापडलं. लेकीने कागद काढला, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हे माझ्या बाहुलीसाठी आहे का?" मी हो म्हटलं. तिने बाहुलीला आणून त्याच्यासमोर बसवलं. ती माझं मन राखत होती, हे कळलं तेव्हा घशात आवंढा आला.

तुम्ही काय मागवलंत, काय आलं आणि मुलाने काय केलं, ते लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही नक्की लिहा. दुकानाचं किंवा अ‍ॅपचं नाव नको, वस्तूबद्दल बोलूया. (पुणे)

नाशिक, दोन मुलांचा बाबा

ताई, ते 'फक्त 2 शिल्लक' पुन्हा आठवड्याने उघडून बघा, तेवढंच दिसेल. अशा खोट्या घाईला आपल्याकडे मनाई आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या 13 प्रकारांची यादी काढली, त्यात हा प्रकार आहे. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं आणि शेवटच्या पानावर किंमत वाढवणं हेही त्यातच येतं.

माझ्या मुलाला आठव्या वाढदिवसाला क्रिकेटचा संच हवा होता : बॅट, स्टंप, ग्लोव्हज. पार्सल हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. आत एक किल्ल्यांची साखळी होती, तिला इवलीशी बॅट लटकवलेली. परत करायला गेलो तर 'या वस्तूला परतावा नाही'. मी पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढला होता. पार्सलवरचं वजन आणि पत्ता दिसेल असा, मध्ये न थांबवता. तो जोडून त्या ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायला हवी. पोच आली नाही म्हणून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. अकराव्या दिवशी पैसे परत आले. वाढदिवस तोवर होऊन गेला होता. शेजारच्या दादाची जुनी बॅट आणून तिची मूठ नवी बसवून घेतली, सध्या तीच चालू आहे.

कोल्हापूर, कान-नाक-घसा विभागात काम करणारी डॉक्टर

हे लिहावं की नको असं झालं होतं, पण लिहितेच.

अडीच वर्षांचं बाळ आलं होतं. दोन दिवस खात नाही, लाळ गळते, थोडा खोकला. घरच्यांना सर्दी वाटली होती. एक्स-रेमध्ये अन्ननलिकेत एक गोल सावली दिसली. नाण्यासारखीच, पण कडेला दुहेरी वर्तुळ. ते दुहेरी वर्तुळ दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण ते नाणं नसून बटण सेल असतो.

मोठ्या भावाच्या वाढदिवसाला कुणीतरी चमचमणारी छडी दिली होती, ऑनलाइन घेतलेली, शंभराच्या आतली. सेलचं झाकण नुसतं खाचेत अडकवलेलं, स्क्रू नाही. पडली, झाकण उडालं, सेल घरंगळला. सेल ओल्या ऊतीला चिकटला की त्यातून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतं. दोन तासांतसुद्धा अन्ननलिका खोलवर भाजू शकते. सेल फुटावा लागत नाही. खेळणं चालवायला जो 'संपला' म्हणून आपण काढून ठेवतो, त्यातही एवढी वीज शिल्लक असते. सगळ्यात धोक्याचे ते मोठे चपटे, 'सीआर 2032' सारखे. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, आणि तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो.

ते बाळ वाचलं. पण कित्येक आठवडे नळीने दूध द्यावं लागलं आणि अन्ननलिका पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागली. आई प्रत्येक भेटीत एकच सांगायची, "मॅडम, खेळणं त्याचं नव्हतंच." म्हणून घरात मोठ्या मुलाला आलेली भेटही धाकट्याच्या नजरेने बघा. सेलचं झाकण नखाने उघडत असेल तर ते खेळणं घरात ठेवू नका. आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

न्यू जर्सी

डॉक्टर ताई, वाचून हात थरथरले. आमच्याकडे वर्गातल्या सगळ्यांना बोलवायचं असतं, त्यामुळे वर्षाला पंधरा-वीस वाढदिवस, प्रत्येकाला भेट, आणि आपल्या घरच्या वाढदिवसाला येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी खाऊ-खेळण्यांची पिशवी. हिशेब केला की चीनमधून थेट येणारी दीड-दोन डॉलरची खेळणी आपोआप टोपलीत पडतात. मीही दोन वर्षं तेच केलं. 800 डॉलरच्या आतल्या पार्सलवर तेव्हा जकात लागत नव्हती. चीनहून येणाऱ्या मालासाठी ती सवलत 2 मे 2025 ला बंद झाली आणि भाव चढले, तेव्हा कुठे मी थांबून आजवर काय काय घरात आलंय ते बघितलं.

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला एका पाकिटात पाण्यात फुगणारे मणी आले होते. दिसायला फार सुंदर, साबुदाण्याएवढे, रात्रभर भिजवले की गोट्यांएवढे होतात. माझा धाकटा तेव्हा दहा महिन्यांचा, रांगत जे दिसेल ते तोंडात. हे मणी पोटात गेले की आतड्यातही फुगत राहतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. इथल्या मोठ्या दुकानांनी 2023 च्या अखेरीस ते मुलांची खेळणी म्हणून विकणं बंद केलं, पण परस्पर येणाऱ्या पार्सलला कोण अडवणार? पलंगाखालून पुढे तीन महिने एकेक मणी सापडत होता. प्रत्येक वेळी मी पुन्हा पूर्ण खोली झाडायचे.

आता आम्ही सहा मराठी घरांनी ठरवलंय, एका मुलाला सगळ्यांची मिळून एकच भेट. मागच्या वेळी टेलिस्कोप दिला.

सातारा, खेळण्यांचं दुकान (तिसरी पिढी)

आमच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गिऱ्हाईक दुकानात येतं, खेळणं हातात घेऊन बघतं, पोराला खेळवतं आणि मग फोन काढून विचारतं, "इथं तर दोनशेला आहे." काय सांगणार? 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाहेरच्या खेळण्यांवरची जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. माझ्याकडे जुना बिनचिन्हाचा माल होता, तो तोट्यात काढून टाकला. वडिलांनी जोडलेले दोन घाऊक व्यापारी सुटले. आम्ही एवढं सोसून नियम पाळायचा आणि फोनवर बिनचिन्हाचा माल राजरोस, याचं वाईट वाटतं.

एक उपयोगाचं सांगतो. नुसतं चिन्ह बघून भुलू नका, चिन्ह कुणीही छापतं. वरती मानकाचा नंबर हवा, साध्या खेळण्याला आयएस 9873, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्याला आयएस 15644. चिन्हाखाली 'सीएम/एल' आणि पुढे परवान्याचा आकडा. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि परवाना चालू आहे का ते कळतं. दुकानात आलात तर माझ्यासमोर तपासा, मला राग येणार नाही. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे चिन्हाचा फोटो मागा. ज्याच्याकडे असतो तो लगेच पाठवतो.

जळगाव जिल्हा, घरबसल्या ऑर्डर घेणारी

मी दुसऱ्या बाजूची आहे. अ‍ॅपवरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकते, तीस-चाळीस रुपये वर लावते, ऑर्डर आली की गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर माल जातो. माल मी कधी डोळ्यांनी बघत नाही, हेच या धंद्याचं दुखणं. पण आमच्या गावापासून खेळण्याचं दुकान बावीस किलोमीटर आहे, जायला-यायला एसटीचा अर्धा दिवस. वाढदिवसाला केक आणि भेट ही गोष्ट आमच्या गल्लीत गेल्या पाच-सहा वर्षांतली. ती या पार्सलांनीच आणली, हे मी मान्य करते आणि मला त्याचा आनंद आहे.

एकदा चुलत जावेच्या मुलासाठी माझ्याकडूनच रंगांचा संच गेला. दोन दिवसांनी त्याच्या हातावर पुरळ. रंगांच्या डबीवर कंपनी नाही, पत्ता नाही, काही नाही. मी पैसे परत दिले, माझ्या खिशातले. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलांचं काही घेत नाही, तोंडाला लागेल किंवा अंगाला लागेल असं तर नाहीच. चित्रांची पुस्तकं, ठोकळे, दप्तर, रेनकोट, याच्या ऑर्डरी घेते. पहिला नग स्वतःच्या घरी मागवते, मुलाला वापरायला देते, मग फोटो टाकते, शेजारी पट्टी ठेवून. पुण्याच्या ताईंचं वाचून ती पट्टी आता प्रत्येक फोटोत ठेवणार आहे.

सोलापूर, शिक्षिका

वर्गात वाढदिवसाला वाटायला फळांच्या आकाराचे खोडरबर येतात. स्ट्रॉबेरी, टरबुजाची फोड, वर गोड वास. पहिलीतल्या एकाने चावून तुकडा गिळला होता. आता मी पालकांना सांगते, खाण्याच्या वस्तूसारखं दिसणारं काही वाटू नका, साध्या दोन पेन्सिली पुरेत.

चिपळूण, आजोबा

नातीसाठी मुंबईच्या मुलाने फोनवरून बाहुलीघर पाठवलं होतं. खोका उघडताच रॉकेलसारखा उग्र वास. तीन दिवस पडवीत वाऱ्याला ठेवलं तरी जाईना, शेवटी टाकलं. मग मी सावंतवाडीला गेलो. चितारआळीतून लाकडी फळांची टोपली आणि पाट-पोळपाट-लाटणं घेऊन आलो. खर्च बाहुलीघरापेक्षा जास्त झाला, प्रवास वेगळा. साताऱ्याच्या दुकानदारांना विचारायचं होतं की यावर ते चिन्ह नाही, मग चालेल का? मुलाने शोधून सांगितलं की हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्या सक्तीतून सूट आहे. तरी मी कारागिराशी समोर बसून बोललो, रंग काय वापरता ते विचारलं, कडा हाताने फिरवून बघितल्या. नात लाकडी आंबा रोज कापायला घेते आणि मला फोड देते.

पिंपरी

माझं लेखन जमत नाही, पोरगी टाइप करतेय.

मी चार घरची धुणीभांडी करते. तुम्ही सगळ्यांनी वास, रंग, सेल लिहिलंय, ते वाचून पोरीनं घरातलं सगळं तपासलं, चांगलं झालं. पण माझंबी सांगते. पोरगी दहा वर्षांची होईस्तोवर तिला कधी नवीन खेळणं घेतलं नव्हतं. जिथं काम करते तिथल्या ताई जुनी देत्यात, चांगली असत्यात, तक्रार नाही. दहाव्या वाढदिवसाला मी दीडशेची कापडी बाहुली मागवली, पैसे घरी आल्यावर द्यायचे. पत्त्यात माझं नाव टाकायचं तर मी पोरीचं टाकलं. पार्सलवाला दादा खालून तिचं पूर्ण नाव घेऊन ओरडला, आडनावासकट. अख्ख्या चाळीनं ऐकलं. ती धावत खाली गेली अन पार्सल छातीला धरून वर आली. अर्धा तास उघडलंच नाही.

बाहुलीचा एक हात दुसऱ्या दिवशी उसवला. आत कापसाऐवजी चिंध्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून चिंध्या काढल्या, उशीतला कापूस भरला अन डबल दोऱ्यानं शिवला. त्या पार्सलवरचा नावाचा कागद तिनं कापून वहीत चिकटवलाय. आता ती बारावीला आहे. वही अजून पेटीत आहे.